टेबलाजवळचं माणूस

आपल्या नरसी गावात रात्री-अपरात्री पेशंट अत्यवस्थ झाला की आधी हिंगोली गाठायची आणि तिथं जमलं नाही तर नांदेड, हा रस्ता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यामुळे दूर बसलेला सर्जन पडद्यावर बघून ऑपरेशन करतो, असं ऐकलं की आपल्या मनात आशा जागी होते. ही आशा कशाच्या बळावर धरायची, ते आज सांगतो.

सुरुवात अंटार्क्टिकापासून करू. भारताच्या ‘मैत्री’ या केंद्रापासून काही किलोमीटरवर रशियाचं नोवोलाझारेव्हस्काया हे केंद्र आहे. तिथले त्या वेळचे एकमेव डॉक्टर लिओनिद रोगोझोव यांचं अपेंडिक्स सुजलं. हवामान इतकं खराब होतं की विमान येणं शक्यच नव्हतं. शेवटी १९६१ मध्ये त्यांनी पोटाची जागा बधिर केली आणि स्वतःचं ऑपरेशन स्वतःच केलं. डॉक्टर नसलेले सहकारी मदतीला होते. एक जण हत्यारं देत होता, एकानं आरसा धरला होता. पण आरशात डावं-उजवं उलटं दिसतं आणि हात चुकायला लागतो. रोगोझोव यांनी बरंचसं काम नुसत्या स्पर्शानं केलं. पावणेदोन तास लागले, पण ते वाचले.

सर्जनला खरं चित्र दिसलं पाहिजे, ही गरज तेव्हाही होती. ती पुरी करणारी मोठी वाट दुर्बिणीच्या ऑपरेशननं उघडली. ३१ मे १९९० रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातलं अशा प्रकारचं ते पहिलं ऑपरेशन. यात पोटात वायू भरून जागा करतात आणि बोटभर छिद्रातून कॅमेरा आत सोडतात. सर्जनचे हात पोटाशी असतात, पण नजर पडद्यावर असते. मग साहजिकच प्रश्न आला, की पडदा टेबलाच्या शेजारीच कशाला हवा?

७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जॅक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथल्या ६८ वर्षांच्या बाईंचं पित्ताशय काढलं. मध्ये अटलांटिक महासागर होता. हात यंत्राचे होते आणि चित्र फायबरच्या तारेतून येत होतं. उशीर होता सेकंदाच्या सहाव्या भागाइतका. या उशिरावरच सगळं अवलंबून असतं. हेच चित्र ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहामार्गे आणलं, तर जायला पाव सेकंद आणि हाताचा हुकूम परत यायला पाव सेकंद लागतो. म्हणजे सर्जनला जे दिसतं, त्याच्या पुढं हत्यार गेलेलं असतं. पित्ताशयाची नळी आणि मुख्य पित्तनलिका एकमेकींना लागून असतात. चुकीची नळी कापली गेली, तर पेशंटला त्याचा त्रास जन्मभर पुरतो.

एकादशीला नरसीत गर्दी झाली की मोबाइलवरचा व्हिडिओ कॉल कसा अडकतो, ते आपण बघतो. माणूस बोलत असतो आणि चेहरा मात्र जागच्या जागी थिजलेला असतो. घरच्या बोलण्यात ते चालून जातं. ऑपरेशनमध्ये थिजलेलं चित्र जिवंत वाटलं तर घात होतो. म्हणून संपर्क तुटला की यंत्राचे हात आपोआप जागीच थांबतील, अशी व्यवस्था ठेवावी लागते.

उशीर आणखी वाढला तर काय होतं, तेही तपासून झालंय. अमेरिकेत फ्लोरिडाजवळ समुद्रात सुमारे १९ मीटर खोलीवर ‘अॅक्वेरियस’ नावाची प्रयोगशाळा होती. तिथं राहणाऱ्याला एकदम वर येता येत नाही, कारण रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊन जीव जाऊ शकतो. ऑक्टोबर २००४ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनहून डॉ. मेहरान अन्वरी यांनी कॅमेऱ्यातून बघत, बोलत, आतल्या मंडळींकडून ऑपरेशनचा सराव करून घेतला. सराव नकली अवयवांवर होता. २००६ मध्ये तिथंच यंत्राचे हात दुरून चालवून पाहिले, आणि चंद्रावर संदेश जाऊन यायला जितका वेळ लागतो तितका उशीर मुद्दाम घातला. एवढ्या उशिरात सर्जनला थोडं हलायचं, थांबायचं, चित्र येऊ द्यायचं आणि मग पुढं सरकायचं, असंच काम करावं लागतं.

आपल्या देशातही हे घडतंय. ५ डिसेंबर २०१८ रोजी डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिर परिसरात बसून, सुमारे ३२ किलोमीटर दूर अहमदाबादेत असलेल्या पेशंटच्या हृदयाची रक्तवाहिनी मोकळी केली. जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्रामहून २८६ किलोमीटरवरच्या जयपूरमधल्या पेशंटच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तीही भारतात बनलेल्या यंत्रानं.

यातली एक गोष्ट बातमीत मागे पडते. स्ट्रासबर्गमध्ये त्या बाईंच्या उशाशी सर्जन उभे होते. भूल देणारे, हत्यार बदलणारे, यंत्र बिघडलं तर पुढचं ऑपरेशन हातानं पुरं करणारे तिथंच लागतात. अंतर जितकं मोठं, तितकी टेबलाजवळच्या माणसाची जबाबदारी मोठी.

म्हणून मला वाटतं, नरसीसारख्या गावाला रोबोच्या आधी अन्वरींचा तो पहिला प्रयोग उपयोगी आहे. अपघातातला पेशंट असो की बाळंतपणात रक्तस्राव होणारी बाई असो, नांदेडच्या वाटेवरचा वेळ जीवघेणा असतो. तेवढ्या वेळात तज्ज्ञानं कॅमेऱ्यातून जखम बघितली आणि इथल्या डॉक्टर-सिस्टरला ‘इथं दाबा, ही सुई आधी लावा’ असं सांगितलं, तर पेशंट पुढच्या दवाखान्यापर्यंत टिकेल.

हिंगोलीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलंय. २०२४ मध्ये राज्यात ज्या दहा नव्या महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांतलं ते एक. त्याच्याशी आपली आरोग्य केंद्रं चित्रानं जोडली जावीत, अशी मागणी ग्रामसभेत करा. केंद्रापर्यंत फायबर मागा. लाइट गेली तरी चालू राहील असा कॅमेरा आणि पडदा मागा. आणि बारावी सायन्सच्या मुला-मुलींना नर्सिंगचे, भूल विभागाचे, ऑपरेशन थिएटरचे अभ्यासक्रम आवर्जून सांगा. यंत्र पैसे टाकून विकत आणता येतं. ते हाताळणारं माणूस घडायला काही वर्षं जातात, म्हणून त्याची तयारी आधी सुरू करायला हवी.