सल्ला नंतर, आधी ऐकणं

निपाणीतली एक विडी कामगार बाई डोळ्यांपुढे आणा. मांडीवर सूप, त्यात तेंदूपत्ता आणि तंबाखू, मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. रात्री झोप नाही, मध्येच छाती धडधडते. घरचे म्हणतात, ‘मनाला लावून घेऊ नकोस.’ सल्ला फुकट, म्हणून तो उदंड मिळतो!

चांगला समुपदेशक आधी ऐकून घेतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ साली याच पद्धतीवर ग्रंथ लिहिला. समोरच्याला दोष न देता समजून घ्या, वाट त्यालाच सापडू द्या, असं त्यांचं म्हणणं. पण नुसतं मनाविषयी बोलून भागत नाही. जेवण वेळेवर होतं का? मिसरी दिवसातून किती वेळा? कर्जाचा हप्ता थकलाय? घरात कुणी पितं का? धडधड रक्त कमी असल्यानं किंवा थायरॉइडमुळेही होते, म्हणून रक्ततपासणीही हवी.

निपाणीसारख्या आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात आणखी एक अडचण. दुःख मराठीत आणि दवाखान्यातला कागद कन्नडमध्ये! मोडक्यातोडक्या भाषेत पोटातलं सांगणार कसं?

यावर एक वाट आहे. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ ही फोनवरची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिथं मराठीतही बोलता येतं. आपली माहिती गुप्त राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिलेला हक्क आहे. क्रमांक लिहून घ्या: १४४१६. फोन मोफत, चोवीस तास.