धार कोणाची, खातं कोणाचं?

(हिंगोली जिल्ह्यातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला राज्य सरकारनं २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्यातल्या १९ जिल्ह्यांत आपला हिंगोलीही आहे. गावात दूध संस्थेची बोलणी सुरू आहेत, सभासदत्वाचे फॉर्म वाटले गेलेत. म्हणून आज एका इंजिनियरची हकिगत सांगते.

वर्गीस कुरियन मूळचे केरळचे. दुधाची त्यांना मुळीच आवड नव्हती. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकले, आणि ती फेडायची म्हणून १३ मे १९४९ ला गुजरातेत आणंदच्या सरकारी क्रीमरीत नोकरीला आले. शेजारीच खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा दूध संघ होता. पोलसन कंपनीचे कंत्राटदार मनमानी भावानं दूध उचलत, म्हणून १९४६ मध्ये गावोगावच्या लोकांनी पंधरा दिवस दूधच घातलं नाही. त्या संपातून हा संघ उभा राहिला. अध्यक्ष होते त्रिभुवनदास पटेल. जुनी यंत्रं सारखी बंद पडत. ती दुरुस्त करता करता कुरियन तिथेच गुंतले ते जन्मभर.

आता इंजिनियरचं तिथं काय काम, असं कुणी विचारेल. बायांनो, म्हैस हिवाळ्यात भरपूर दूध देते आणि उन्हाळ्यात आटते. दूध काही तासांत नासतं. म्हणजे हिवाळ्यात जास्तीचं दूध कुठं घालायचं, हे ज्याच्या हातात, भावही त्याच्याच हातात. म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत. कुरियन यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली, आणि १९५५ मध्ये आणंदला पावडरीचा कारखाना सुरू झाला. तेव्हापासून हिवाळ्यातलं दूध कुणाच्या पाया पडत विकायची गरज उरली नाही. अमूल म्हणतात तो हाच संघ.

१९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ निघालं, कुरियन त्याचे पहिले अध्यक्ष. १९७० ते १९९६ 'ऑपरेशन फ्लड' चाललं आणि आणंदची पद्धत देशभर गेली. गावची संस्था रोज दोन्ही वेळा दूध मोजून घेणार, फॅट बघून पैसे देणार. आणि सभासदाला मत एकच, दावणीला एक म्हैस असो की दहा. जमिनीचा सातबारा कुणी मागत नाही. आपल्यातल्या मजुरी करणाऱ्या बाईसाठी याहून मोठी गोष्ट कोणती?

पण बहुतेक गावांत सभासद झाले पुरुष. फॉर्मवर घरच्या कर्त्याचं नाव. वैरण आणायची बाईनं, शेण काढायचं बाईनं, पहाटे धार काढून कॅन केंद्रावर न्यायचा तोही बाईनं; मत त्याचं आणि पगारही त्याचा. दाराबाहेरचा कंत्राटदार हटला, घरातल्या मालकाला कुणी हात लावला नाही. कुरियन यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, तरी हे म्हटल्यावाचून राहवत नाही. १९८६-८७ पासून केंद्राच्या 'स्टेप' योजनेतून केवळ बायकांच्या दूध संस्था निघाल्या. त्या चालल्याही. तरी देशातल्या दूध सभासदांत बायका आजही निम्म्याहून बऱ्याच कमी आहेत.

नावानं काय फरक पडतो? माझ्या मावशीकडे दोन म्हशी होत्या. काका गेले. दूध ती आधीही घालत होती, नंतरही घालत राहिली, पण खातं काकांच्या नावाचं. वारसाचा कागद येईपर्यंत तिचा पगार अडकून राहिला. पेंड उधारीवर, आणि शेवटी एक म्हैस बाजारात गेली.

आपल्याकडे हळद, सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि तो कुणाच्या खिशात जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुधाचा पैसा दर दहा-पंधरा दिवसांनी येतो. बाईच्या हातात राहू शकेल असा हाच पैसा. (सोयाबीननं ज्वारी हटवली आणि कडबा महागला, हे दुखणं वेगळंच, त्यावर पुढच्या बैठकीत बोलू.)

तेव्हा फॉर्मवर स्वतःचं नाव घाला. बँकेत खातं एकटीचं उघडा, सामाईक नको. फॅट लावताना आकडा आपल्या डोळ्यांनी बघा आणि चिठ्ठी मागून घ्या. संस्थेच्या वार्षिक सभेला जाऊन पुढच्या रांगेत बसा. "म्हैस माझ्या पैशानं घेतली," असं घरात म्हणतील. म्हणू द्या. पण धार काढणार कोण, हेही त्याच वेळी विचारा.

फॉर्म सोमवारपर्यंत द्यायचे आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही दोघीजणी उद्या दुपारी शाळेच्या ओट्यावर बसतोय. येताना आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन या.