एडिंबरोपासून मुळशीपर्यंत

पुण्याहून पौडच्या वाटेने पश्चिमेकडे निघाले म्हणजे ताम्हिणीच्या अलीकडे मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दृष्टीस पडतो. पावसाळ्यात शहरवासी मंडळी तेथे हौसेने जातात, कणसे व भजी खातात आणि दिवेलागणीच्या आत परततात. या पाण्याखाली गावे आहेत, ही गोष्ट पुष्कळांस ऐकून ठाऊक असते. परंतु ती गावे वाचविण्याकरिता ज्याने आयुष्यातील भर उमेदीची वर्षे तुरुंगात घालविली, तो मनुष्य मुळात यंत्रशास्त्राचा विद्यार्थी होता आणि ते शास्त्र शिकण्याकरिता एकटाच समुद्रापार गेला होता, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पांडुरंग महादेव बापट यांस महाराष्ट्र सेनापती म्हणून ओळखतो. त्यांनी एडिंबरो, लंडन व पॅरिस या तीन शहरांत जी चार वर्षे काढली, त्या वर्षांचा हा विचार आहे.

एकट्याने परदेशी जाण्याची वाट बापटांच्या आधीच मळू लागली होती. १८८३ साली आनंदीबाई जोशी पतीस मागे ठेवून अमेरिकेस गेल्या. गोव्याच्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली घराबाहेर पडले आणि बौद्धधर्माच्या शोधात काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असे भटकत राहिले. त्यांच्यापाशी ना शिष्यवृत्ती ना शिफारसपत्र. या दोघांस आपण कशाकरिता जात आहो हे स्पष्ट ठाऊक होते, आणि ज्याकरिता गेले ते त्यांनी मिळविले. बापटांची हकीकत निराळी आहे. ते ज्याकरिता गेले ते अर्ध्यावर राहिले. जे मिळविले ते पुढे त्यांच्या हाती राहिले नाही. आणि जे खऱ्या उपयोगी पडले ते त्यांनी शिकावयास घेतलेच नव्हते.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे एका गरीब ब्राह्मण घराण्यात झाला. बुद्धी तल्लख असल्यामुळे शिक्षण शिष्यवृत्त्यांवर पार पडले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना देशाकरिता आयुष्य वाहण्याची शपथ त्यांनी घेतली होती; पण शपथ घेतलेल्या तरुणासही उद्या काय करावयाचे हे ठरवावेच लागते. मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई यांच्या नावाची शिष्यवृत्ती त्यांस मिळाली व १९०४ साली ते यंत्रशास्त्राच्या अभ्यासाकरिता स्कॉटलंडास रवाना झाले.

त्या काळचा हा प्रवास म्हणजे एडन, सुएझ, पोर्ट सैद असे टप्पे घेत सुमारे तीन आठवडे आगबोटीवर काढणे होय. आजच्या प्रवाशास पाठीवरचे ओझे जड वाटते. तेव्हाच्या विद्यार्थ्याचे खरे ओझे पेटीत मावणारे नसे. कर्ज, घरच्यांची आशा, समुद्रगमनाचे प्रायश्चित्त, आणि पत्राचे उत्तर येण्यास लागणारा दीड-दोन महिन्यांचा काळ, हे सर्व त्याने एकट्याने वाहावयाचे. एडिंबरोस डिसेंबरात दिवसाचा उजेड जेमतेम सात तास असतो. पारनेरच्या उन्हात वाढलेल्या मनुष्यास तो काळोख कसा वाटला असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

बापट तेथील हेरियट-वॅट कॉलेजात दाखल झाले. हेरियट हा एक जवाहिऱ्या आणि वॅट म्हणजे वाफेचे यंत्र सुधारणारा सुप्रसिद्ध जेम्स वॅट. एका नावात धन व यंत्र यांची अशी जोडी क्वचितच आढळेल. या संस्थेचा आरंभ १८२१ साली कारागिरांस सायंकाळी शास्त्र शिकविणारी शाळा म्हणून झाला होता. दिवसभर कामावर राबलेल्या मनुष्यास यंत्राचे मर्म कळावे, हा त्यामागील हेतू. बापटांच्या वेळी कॉलेज चेंबर्स स्ट्रीटवर होते. त्या भागाच्या खालच्या अंगास काउगेट नावाची जुनी दरिद्री गल्ली आहे. तिच्यावरून मोठे रस्ते पुलांनी गेलेले आहेत. वरून विद्यार्थी व गाड्या चालतात, खाली गरिबांची दाटी. तेथे राहणाऱ्या कोणाच्याही नजरेतून हा देखावा सुटणे शक्य नव्हते.

हिंदुस्थानात गोरा मनुष्य म्हणजे हुकूम सोडणारा, असे पाहत पाहत जो वाढला, त्यास येथे गोराच मनुष्य कोळसा वाहताना, जोडे पुसताना आणि दारूच्या गुत्त्याबाहेर पडलेला दिसे. एकटा प्रवासी हे अधिक लवकर पाहतो. चार मित्रांसह गेलेला मनुष्य आपला देश बरोबर घेऊन हिंडतो. एकट्यास शेजाऱ्याशीच बोलावे लागते. पुस्तकी राज्यशास्त्राचे ग्रंथ वाचून जी गोष्ट उमगत नाही, ती अशा सहवासात उमगते: राज्य करणारे व राज्य असलेल्या देशात राहणारे हे दोन्ही एकच नव्हेत.

आणखी एक नवल त्या शहरात होते. तेथे सभागृहात उभे राहून आपल्याच सरकारावर टीका करता येई, आणि लोक ती ऐकून घेत. बापटांनी एडिंबरोत हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्य या विषयावर भाषण केले व तो मजकूर पत्रकरूपाने छापला गेला. हे स्वातंत्र्य तेथल्या नागरिकाचे होते, शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या हिंदी विद्यार्थ्याचे नव्हते, हे लवकरच कळून आले. शिष्यवृत्ती बंद झाली. परक्या शहरात खोलीचे भाडे तटलेले आणि अभ्यास अर्धवट, अशी स्थिती. पुष्कळ बुद्धिमान तरुण अशा प्रसंगी क्षमापत्र लिहून मोकळे होतात व ते लिहिल्याबद्दल त्यांस कोणी फारसा दोषही देत नाही. बापटांनी ते लिहिले नाही.

लंडनमध्ये त्यांस पाठीराखा मिळाला तो श्यामजी कृष्णवर्मा यांच्या रूपाने. हायगेट येथील क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरील ६५ क्रमांकाचे घर हे श्यामजींनी १ जुलै १९०५ रोजी हिंदी विद्यार्थ्यांकरिता उघडलेले इंडिया हाउस. विनायकराव सावरकर १९०६ साली तेथे आले. ज्यास कोठे भात-आमटी मिळत नाही त्यास तेथे ती मिळे आणि तिच्याबरोबर सबंध हिंदुस्थान भेटे. बंगालच्या फाळणीने व जपानने रशियाचा पराभव केल्याने तरुणांची मने तापलेली होती. येथे बापटांचा एकांत संपला असे म्हणावे तर तेही खरे नव्हे. कारण याच घरातून त्यांस पुढील आणि अधिक एकाकी प्रवासास निघावयाचे होते.

तो प्रवास पॅरिसचा. १९०५ च्या रशियातील उठावानंतर झारच्या राज्यातून निसटलेले अनेक क्रांतिकारक त्या शहरात आश्रयास होते. मादाम कामा व जवाहिराचे व्यापारी सरदारसिंहजी राणा हेही तेथेच राहत. बापट बॉम्ब तयार करण्याची विद्या शिकण्याकरिता गेले. बंगालचे हेमचंद्र कानुनगो त्याच विद्येकरिता कलकत्त्याहून आले होते. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रयोगशाळा नवी नव्हती. नवे होते ते हे, की येथे गुरूची भाषा रशियन, शहराची फ्रेंच आणि शिष्याच्या मनातील मराठी किंवा बंगाली. अखेर रशियन भाषेतील स्फोटकांच्या पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर करविण्यात आले व त्याच्या प्रती काढण्यात आल्या. १९०८ च्या आरंभी बापट ती पुस्तिका घेऊन स्वदेशी परतले.

येथे जरा थांबले पाहिजे. कारण या पुस्तिकेची कथा ही त्या प्रवासातील अत्यंत कडू भाग आहे. हातात शस्त्र असणे वेगळे आणि शस्त्राची कृती कागदावर असणे वेगळे. कृतीची नक्कल करण्यास काही पैसे पुरतात, आणि नक्कल झाली की ती कोणाच्या हाती पडेल यावर तिला आणणाऱ्याचा ताबा उरत नाही. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदीराम बोस व प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्ड नावाच्या न्यायाधीशावर म्हणून जो बॉम्ब टाकला, त्याने भलत्याच गाडीतील केनेडी आडनावाच्या माय-लेकींचा बळी गेला. पाठोपाठ कलकत्त्यास माणिकतळ्याच्या बागेत धरपकड झाली व तेथे स्फोटकांच्या त्या पुस्तिकेची प्रत सापडली; १९०९ साली नाशिकास बाबाराव सावरकरांच्या घराच्या झडतीतही तीच सापडली. बापटांचे नाव माफीच्या साक्षीदाराच्या जबानीत आले आणि ते भूमिगत झाले. विलायतेत पत्रकावर आपले नाव छापणारा मनुष्य मायदेशी नाव लपवून सुमारे चार वर्षे गावोगाव हिंडला. परदेशातील एकटेपणा त्यापुढे सुखाचा म्हणावा लागेल. पुढे इंदुरास त्यांस पकडण्यात आले. परंतु पुराव्याअभावी ते सुटले.

त्यानंतर पारनेरच्या लोकांनी एक विचित्र दृश्य पाहिले. विलायतेस जाऊन आलेला पदवीधर सकाळी झाडू घेऊन रस्ते झाडी. मुलाच्या बारशाच्या वेळी अस्पृश्य मानलेल्या मंडळींस त्यांनी पहिल्या पंक्तीस बोलाविले. शेजाऱ्यांस हे वेड वाटले असल्यास नवल नाही. मात्र काउगेटच्या पुलावरून गेलेल्या मनुष्याने पुलाखालच्या लोकांकडे जाण्याची वाट धरावी, यात एक संगती आहे. ती बापटांनी स्वतः कोठे उच्चारली असो वा नसो.

आता मुळशी. जमशेटजी टाटा यांची कल्पना अशी होती, की सह्याद्रीवर पडणारा पाऊस अडवून त्याचे पाणी कोकणात सोडावे, त्यावर वीज निर्माण करावी आणि मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुरातून सोडवाव्या. कल्पना भव्य होती व खोटी तर मुळीच नव्हती. १९१५ साली खोपोलीच्या केंद्राने तिचा प्रत्यय आणून दिला. त्याच योजनेचा पुढील भाग म्हणून मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण घालावयाचे ठरले. त्याखाली पन्नासाहून अधिक गावे व वाड्या येत होत्या आणि सुमारे अकरा हजार माणसे. आंबेमोहोर पिकविणारी ती खाचरे मावळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली होती. बिकट गोष्ट ही, की धरण बांधणारी कंपनी स्वदेशी होती. परकी मालाची होळी करणाऱ्या पुण्यास या प्रसंगी स्वदेशी भांडवल आणि स्वदेशी कुणबी यांपैकी कोणाच्या बाजूने उभे राहावे, हे कोडे पडले. त्यात जमिनींचा मोठा वाटा सावकारांकडे गहाण. त्यांपैकी अनेकांस जमीन वाचण्यापेक्षा भरपाई चांगली मिळावी हीच चिंता.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, बाराशेच्या आसपास मावळे बायकामुलांसह धरणाच्या कामावर जाऊन बसले. जान किंवा जमीन, ही त्यांची घोषणा. काम त्या वेळी थांबले. पण वर्षअखेरीस पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहही. विनायकराव भुस्कुटे यांनी ही चळवळ गावोगाव बांधली. काळकर्ते शिवरामपंत परांजपे यांनी उतारवयात तुरुंगवास पत्करला. गांधीजींनी पाठिंबा दर्शविला. बापट या लढ्याचे सेनापती ठरले आणि ते नाव जन्मभर त्यांस चिकटले.

ज्याने वाफेच्या यंत्राच्या नावाने चालणाऱ्या कॉलेजात अभ्यास केला, तो यंत्राच्या विरुद्ध कसा गेला, असा प्रश्न विचारणारे तेव्हाही होते. हा प्रश्न उथळ आहे. पाणचक्की कशी फिरते हे न कळणाऱ्या मनुष्याने धरणास विरोध केला असता तर त्यास अडाणी म्हणता आले असते. बापटांस ती कशी फिरते हे कळत होते. म्हणूनच ती कोणाकरिता फिरणार आणि तिचे भाडे कोण भरणार, हे विचारण्याचा अधिकार त्यांस अधिक होता.

या लढ्यात बापट एकामागून एक शिक्षा भोगीत गेले. सोबती कमी होत गेले, पुण्यातील पुढाऱ्यांचा उत्साह ओसरला, भरपाईची बोलणी पुढे सरकली. शिष्यवृत्ती तुटल्यावर एडिंबरोत जी परीक्षा झाली होती, तीच येथे पुन्हा आली. फरक इतकाच, की आता भोवती परके शहर नव्हते. १९२४ च्या अखेरीस त्यांनी मोजक्या साथीदारांसह कंपनीच्या कामाची आगगाडी अडविली. गांधीजींच्या सत्याग्रहाच्या व्याख्येत बसणारी ही कृती नव्हती, आणि ती बसवून दाखविण्याचा खटाटोप करण्याचेही कारण नाही. परंतु पॅरिसच्या विद्येशी ती ताडून पाहिली असता अंतर दिसते. पुस्तिका दुसऱ्याच्या हाती जाई आणि फाशी दुसऱ्यास होई. येथे रुळापाशी सेनापती स्वतः उभे होते आणि शिक्षाही त्यांनाच झाली. ती सात वर्षांची होती.

ते तुरुंगात असतानाच, १९२७ साली, मुळशीचे पाणी बोगद्यांतून व नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिरा येथे उतरू लागले आणि मुंबईस वीज मिळू लागली. ज्या गिरणगावाकरिता हा खटाटोप झाला, त्याच्या अंगावरून जाणाऱ्या जुन्या तुळशी पाइप रोडला पुढे सेनापती बापट मार्ग असे नाव देण्यात आले. नावे देणाऱ्यांस यातील विसंगती जाणवली होती की नाही, कोण जाणे. भरपाईचा बराचसा पैसा सावकारी खात्यांत जिरला. पुष्कळ कुटुंबे खोरे सोडून दूर गेली. काहींनी पाण्याच्या वरच्या डोंगरउतारावर, जेथे भाताचे खाचर धरत नाही अशा जागी, नवी घरे घातली व जुन्या गावाचेच नाव त्या वस्तीस दिले. १९३१ साली बापट सुटून आले तेव्हा ते पाणी भरून चार वर्षे झाली होती.