पहिलं एअर पिस्तूल घेताना: किंमत, भरवसा आणि हात

आजचा भाग नेमबाजीवर आहे, आणि त्यातल्याही एका अगदी घरगुती, व्यवहाराच्या प्रश्नावर.

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आलाय. मुलगी आठवीत आहे. सात महिने झाले, ती १० मीटर एअर पिस्तूल खेळतेय. रेंजवरचं एक पिस्तूल चार मुलं मिळून वापरतात. आता जो तो सांगतोय, स्वतःचं घ्या. ताई विचारतात, चांगलं परदेशी पिस्तूल घ्यायचं तर दागिने गहाण ठेवावे लागतील. ठेवू का? आणि नाही ठेवले, स्वस्तातलं घेतलं, तर मुलीचं नुकसान होईल का?

ताई, आधी उत्तर सांगतो आणि मग कारणं. दागिने कपाटातच राहू द्या. आणि 'स्वस्त की महाग' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून 'भरवशाचं की बेभरवशाचं' हा प्रश्न विचारूया. कारण मुलीचं नुकसान होतं ते बेभरवशाच्या पिस्तुलानं. किंमत कमी असणं आणि भरवसा नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भरवसा म्हणजे काय? १० मीटरच्या टार्गेटवर मधलं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. शर्टाच्या बटणाएवढं म्हणा. चांगलं पिस्तूल शिकंजात घट्ट बसवून एकाच जातीचे पाच छरे मारले, तर ते जवळजवळ एकाच भोकातून जातात. म्हणजे पिस्तुलाची चूक शून्याच्या जवळ. मग मुलीच्या हातून आठ लागला तर तिला कळतं की हा आठ माझा आहे. ट्रिगर ओढला गेला, मनगट पडलं, घाई झाली, काहीतरी तिचं तिला सापडतं. पण पिस्तूलच कधी इकडे कधी तिकडे मारत असेल, तर तिला स्वतःची चूक कळणारच नाही. बरोबर केलेल्या गोष्टीला सात मिळेल आणि चुकीच्या गोष्टीला दहा. सहा महिने असं शिकलं की पुढं ते पुसायला वर्ष जातं. म्हणून पहिल्या पिस्तुलाकडून एकच अपेक्षा. ते रोज सारखंच वागलं पाहिजे.

आता प्रकार बघू. बाजारात ढोबळ तीन प्रकार मिळतात.

पहिला, स्प्रिंगचं. नळी मोडून स्प्रिंग दाबायची. स्वस्त असतं, जत्रेतल्या फुग्यांसाठी ठीक. पण ट्रिगर दाबला की आतली स्प्रिंग सुटते, पिस्तूल हिसका देतं, आणि छरा नळीतून बाहेर पडायच्या आत हात हललेला असतो. स्पर्धेसाठी मूल तयार करायचं असेल तर यात पैसे घालू नका.

दुसरा, एका दांड्यात हवा दाबणारं. प्रत्येक शॉटच्या आधी बाजूचा दांडा उघडून परत बंद करायचा, तेवढ्यात त्या शॉटपुरती हवा दाबली जाते. सिलिंडर नाही, कॉम्प्रेसर नाही, हिसका जवळजवळ नाही. नीट बनवलेलं असेल तर नेम अतिशय सारखा. गावात हवा भरायची सोय नसेल तर हा प्रकार फार उपयोगी. अडचण एकच, तो दांडा दाबायला जोर लागतो. मोठ्या माणसाला ठीक, पण तेरा वर्षांच्या मुलीनं ६० शॉट आणि त्याआधीचे सरावाचे शॉट मारायचे म्हणजे शेवटच्या वीस शॉटना हात थरथरतो. म्हणून घेण्याआधी तिलाच सलग तीस वेळा दांडा दाबायला लावा. दुकानातच. लाजू नका.

तिसरा, हवेचा सिलिंडर असलेलं. मोठ्या स्पर्धेत जवळजवळ सगळे हेच वापरतात. सिलिंडर बहुधा २०० बारपर्यंत भरतात, आणि एका भरण्यात साधारण दीडशे ते दोनशे शॉट होतात. स्टायर, वॉल्थर, मोरिनी, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ ही नावं रेंजवर तुमच्या कानावर पडली असतील. ही नवी घ्यायची तर युरोपातच साधारण दीड-दोन हजार युरोच्या घरात जातात, त्यावर वाहतूक आणि कर. ताईंना दागिने आठवले ते यामुळेच. या कंपन्यांपैकी काही जण मुलांसाठी हलकी, आखूड पिस्तुलंही बनवतात, ती बघण्यासारखी असतात. ट्रिगर साधा यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही तऱ्हांचा मिळतो. पहिल्या पिस्तुलाला यांत्रिकच घ्या. बॅटरी नाही, सर्किट नाही, आणि बिघडलं तर जवळपासचा माणूस उघडून बघू शकतो.

हा शेवटचा मुद्दा का सांगतोय? २५ जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिक. मनू भाकर पात्रता फेरीत खेळत असताना तिच्या पिस्तुलाचा लिव्हर तुटला. दुरुस्तीसाठी जागा सोडावी लागली, घड्याळ चालूच. तिचे ५७५ गुण झाले, ती बारावी आली, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्या हातात काही स्वस्तातलं पिस्तूल नव्हतं. म्हणजे यंत्र आहे, कुठलंही तुटू शकतं. तीच मनू २०२४ ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ पदकं घेऊन आली. तेव्हा घेताना पहिला प्रश्न असा विचारा, याचे सुटे भाग कुठं मिळतात, आणि दुरुस्त करणारा माणूस किती तासांवर आहे? कोल्हापूर किंवा पुण्यात ज्या पिस्तुलाची सील बदलून मिळते, ते पिस्तूल ज्याची सील परदेशातून मागवावी लागते त्यापेक्षा तुमच्यासाठी चांगलं. नाव कितीही मोठं असो.

आता हाताकडे येऊ. १० मीटर पिस्तूल एका हातानं धरतात. नियमात वजन दीड किलोपर्यंत चालतं, पण मोठ्यांची बहुतेक पिस्तुलं एक किलोच्या आसपास असतात. एक किलो हात लांब करून धरून बघा, मिनिटभर. मग कळेल. ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापात येते, उजव्या आणि डाव्या हाताची वेगळी. पंजा वरपर्यंत गच्च बसला पाहिजे, आणि तर्जनीचं पेर ट्रिगरवर असं पडलं पाहिजे की बोट सरळ मागं येईल. बोट ताणून ट्रिगर गाठावा लागत असेल तर प्रत्येक शॉट बाजूला जाणार. आणि लक्षात घ्या, आठवीतल्या मुलीचा हात अजून वाढतोय. आज बेतलेली ग्रिप दोन वर्षांनी घट्ट होईल. लाखभर घालून घेतलं तरी ग्रिप बदलावीच लागेल. हे घाई न करण्याचं सगळ्यात मोठं कारण.

ट्रिगरचा नियम सोपा आहे, किमान ५०० ग्रॅम. रेंजवर ५०० ग्रॅमचं वजन असतं, पिस्तूल उभं धरून ट्रिगरवर ते अडकवून उचलायचं, ट्रिगर सुटला नाही पाहिजे. स्पर्धेआधी तपासणीत हेच करतात. वजनाइतकंच महत्त्वाचं म्हणजे ट्रिगर दर वेळी त्याच जागी सुटतो का. वीस वेळा छरा न घालता दाबून बघा. पण आधी विचारा, या पिस्तुलाला कोरड्या सरावाची सोय आहे का. बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलांना असते.

आणि ही सोय म्हणजे गरिबाचं प्रशिक्षण केंद्र आहे बरं का. घरी कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून, छरा न घालता, माशीवर नजर ठेवून रोज चाळीस वेळा ट्रिगर दाबायचा. खर्च शून्य.

कारण खरा खर्च पिस्तुलाचा नसतोच. हिशोब करा. दिवसाला ८० शॉट, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे ४००. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर २० हजार छरे. डबा ५०० चा असतो. म्हणजे चाळीस डबे. तुमच्याकडच्या डब्याच्या किमतीला चाळीसनं गुणा. त्यात रेंजची फी, स्पर्धेची प्रवेश फी, एसटीचं भाडं, राहणं धरा. सगळे पैसे पिस्तुलात गेले आणि छऱ्यांना उरलेच नाहीत, तर ते पिस्तूल पेटीत पडून राहणार. मी तर म्हणेन, आधी वर्षभराचा सराव बाजूला काढा, आणि उरलेल्यात पिस्तूल बसवा.

मग उरलेल्यात काय बसतं? जुनं पिस्तूल. शूटर पुढं गेले की पहिलं पिस्तूल विकतात, हे सगळ्या रेंजवर चालतं. जुनं घेताना सिलिंडरवरची तारीख बघा. त्याला वयाची मर्यादा असते, बहुतेक कंपन्या दहा वर्षं सांगतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीनंही तो नकोच. सिलिंडर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. मग संध्याकाळी हवा भरून काटा बघा आणि सकाळी परत बघा. काटा उतरला तर सील गेलीय. शिकंजात लावून तीन-चार जातींचे छरे मारून बघा, प्रत्येक नळीला आपली आवड असते. आणि हे सगळं तुमच्या कोचसमोर करा, विकणाऱ्याच्या घरी एकट्यानं नाही.

पावसाळ्यात काळजी घ्या. हातपंपानं हवा भरताना त्यातून ओल आत जाते. पंपाचा ओल शोषणारा फिल्टर वेळेवर बदला, सराव झाला की पिस्तूल पुसून ठेवा.

कायद्याचंही थोडं. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरचं, २० ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल घ्यायला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल सहा-सात ज्यूलच्या आसपास असतं. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर प्रकारात सुवर्ण मिळवलं, ते .२२ चं पिस्तूल वेगळं, त्याला परवाना लागतो. पण परवाना नाही म्हणजे खेळणं नाही. डोळा जाऊ शकतो. पक्कं बिल घ्या, त्याची प्रत पेटीत ठेवा, प्रवासात पिस्तूल रिकामं आणि पेटी बंद. एसटी स्टँडवर मित्रमैत्रिणींना काढून दाखवायचं नाही. लांबून ते खऱ्या पिस्तुलासारखंच दिसतं, आणि पोलिसांनाही तसंच दिसणार. घरी कुलपात. किल्ली तुमच्याकडे, मुलीकडे नाही.

तर ताई, या महिन्यात तीन कामं करा. एक, कोचना सांगून रेंजवरचं पिस्तूल शिकंजात लावून बघा. त्याचा नेम सारखा असेल तर अजून सहा महिने तेच चालेल, फक्त मुलीला ठरलेली वेळ मिळवून द्या. दोन, मोठ्या रेंजवर एक दिवस जाऊन तिच्या हातात तीन-चार वेगळी पिस्तुलं देऊन बघा आणि कुठली ग्रिप बसते ते लिहून ठेवा. तीन, वहीत तिचे गुण लिहायला लावा, रोज, तारखेसह. गुण चढत असतील तर पिस्तूल आड येत नाहीये. गुण महिनोन्‌महिने थांबले, आणि कोच म्हणाले की आता हात तयार आहे, तर चांगलं जुनं पिस्तूल बघायला निघा. तेव्हाही दागिन्यांना हात लावायची वेळ येऊ नये, असाच हिशोब ठेवा. मुलीला उद्या वाईट स्पर्धा गेली तर ती फक्त वाईट स्पर्धा राहिली पाहिजे. आईच्या बांगड्यांचं ओझं त्या हातावर नको, तो आधीच एक किलो उचलून उभा असतो.

तुमच्याकडे जुनं पिस्तूल घेतल्याचे अनुभव असतील तर जरूर पाठवा, पुढच्या भागात वाचू.