सातबारा नाही, म्हणून नोकरी नाही

(राजुरा येथील युवक शिबिरात केलेलं भाषण)



राजुऱ्यात उभं राहून बेकारीवर बोलायचं म्हणजे विहिरीच्या काठावर तहानेवर बोलायचं. सास्ती, गोवरी, पवनीत कोळसा. गडचांदूर, आवारपूरला सिमेंट. वर्धा नदीपल्याड बल्लारपूरला कागद. एवढं सगळं असून आपली पोरं बेकार का?

पांढरपेशे म्हणतात, पोरांना कष्ट नकोत. साफ खोटं! बी.ए., आयटीआय झालेली आपली पोरं-पोरी तेलंगणात मिरची तोडायला जातात. कष्टाला नाक मुरडणारा मिरचीच्या वावरात दिवसभर वाकत नाही.

खरी गोष्ट ऐका. खाण येते तेव्हा जमीन जाते. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागं एक नोकरी. म्हणजे नोकरी सातबाऱ्याला मिळते, माणसाला नाही. गावगाड्यात सातबारा कुणाच्या नावावर होता, हे मी सांगायला पाहिजे का? ज्या बाईनं त्याच वावरात जन्मभर निंदण केलं, कापूस वेचला, तिची रोजीही त्याच दिवशी बुडाली. तिच्या पोराला मात्र हक्काची नोकरी नाही. त्याच्या वाट्याला ठेकेदाराच्या दारातली रांग. कास्तकार आपला वैरी नाही. त्याची जमीन गेली, त्याला नोकरी मिळालीच पाहिजे. पण भूमिहीन कुठल्या कागदावर?

१९७३ ला कोळसा खाणी सरकारी झाल्या. राखीव जागांतून आपले काही बाप कायम झाले. घरावर स्लॅब आला, पोरगी कॉलेजात गेली. आता खाणीतली माती काढायचं कामही ठेकेदाराकडं, आणि त्याच्या हजेरीपटात राखीव जागा नसते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं बाहेरच्या एजन्सीमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला. पोरं खवळली, रस्त्यावर आली. ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. हे विसरू नका.

बेकारी म्हणजे नुसतं रिकामं पोट नाही. गेटबाहेर दहा उभे असले की आतल्या अकराव्याची मजुरी पडते. तो युनियनचं नाव काढत नाही. पगार नाही म्हणून बाजारात उधारी. घरात पहिली शाळा सुटते ती पोरीची. आणि रिकाम्या पोरांच्या हातात पुढारी दारू अन् झेंडा देतो, एकमेकांच्या वस्तीवर सोडतो.

जात माणसाला धंदा बदलू देत नाही, म्हणून ती बेकारीचं थेट कारण आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिनिर्मूलना’त मांडलं. १६ ऑक्टोबर १९५६ ला याच जिल्ह्यात, चंद्रपुरात, त्यांनी दीक्षा दिली. आपल्या आजोबांनी जातीनं लादलेलं काम नाकारलं. आज व्यवस्था त्यांच्या नातवाला काम नाकारते आहे!

म्हणून मागणी स्पष्ट ठेवा. भूसंपादनाच्या यादीत शेतमजुराचं नाव लागलं पाहिजे. सरकारी खाणीतल्या ठेक्याच्या कामातही राखीव जागा पाहिजेत. भरतीची यादी ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे.

पण नुसत्या घोषणा देऊन घरी जाऊ नका. वही घ्या, वस्तीवस्तीत बसा. कोण कुणाच्या वावरात राबत होतं, वर्षाचे किती दिवस, किती रोजीनं, कधी बुडाली, सगळं लिहा. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मग ती वही घेऊन तहसीलवर जाऊ. एकटे नाही, सगळे.

जयभीम!