कर्णधार झोपला होता

उकाड्यात झगे सावरत बसलेल्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

नेतृत्वावर बोला, असा मला निरोप आहे. व्याख्या काही मला जमत नाहीत, म्हणून भारतीय क्रिकेट संघाचे एकेकाळचे कर्णधार अजित वाडेकर यांच्याबद्दल बोलतो.

२४ ऑगस्ट १९७१, लंडनचं ओव्हल मैदान. इंग्लंडच्या भूमीवर पहिलीवहिली कसोटी जिंकायला भारताला १७३ धावा हव्या होत्या. आदल्या दिवशी ४५ वर नाबाद असलेले वाडेकर सकाळी एकाही धावेची भर न घालता धावचीत झाले. ड्रेसिंग रूममध्ये आले आणि चक्क झोपले. सरदेसाई, विश्वनाथ, इंजिनिअर यांनी किल्ला लढवला, अबिद अलींनी विजयी चौकार मारला आणि जिंकल्याचं कर्णधाराला उठवून सांगावं लागलं.

याला कुणी बेफिकिरी म्हणेल. मी म्हणेन, माणसं पारखून घेतली असली की अशी झोप लागते.

आदल्याच दिवशीची गोष्ट. आपले फिरकी गोलंदाज चंद्रशेखर इंग्लंडच्या एड्रिचला गुगली टाकण्याच्या बेतात होते. सरदेसाईंनी ओरडून सांगितलं, ‘मिल रीफ’ टाक. मिल रीफ हा त्या वर्षी डर्बी जिंकलेला घोडा. संघात चंद्राच्या वेगवान चेंडूला ते नाव पडलं होतं. बॅट खाली येईपर्यंत एड्रिचची दांडी गुल! चंद्राने ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड सर्वबाद १०१. कर्णधार मैदानात असताना दुसराच खेळाडू गोलंदाजाला परस्पर सल्ला देतो आणि कुणाचा पापड मोडत नाही. आपल्या किती कचेऱ्यांत हे खपेल? (कुलगुरूंकडे न बघता विचारतोय.)

हे सरदेसाई मूळचे मडगावचे. त्याच वर्षीच्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी त्यांना घ्याच, असा आग्रह वाडेकरांनी धरला होता. किंग्स्टनला ५ बाद ७५ अशी दाणादाण उडाली असताना सरदेसाईंनी २१२ धावा केल्या. तिथे पहिला दिवस पावसात गेला होता आणि उरलेल्या चार दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवायला, दीडशेची आघाडी पुरते, हा नियम वाडेकरांच्या ध्यानात होता. आघाडी १७० ची मिळाली. त्यांनी सरळ जाऊन वेस्ट इंडिजचे कर्णधार सोबर्स यांना फॉलोऑन दिला. सोबर्सही चकित झाले. जोशपूर्ण भाषणं ठोकणाऱ्यापेक्षा नियमांचं पुस्तक वाचलेला कर्णधार मला केव्हाही चालेल.

१९७४ मध्ये याच वाडेकरांचा संघ इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या हरला. लॉर्ड्सवर तर ४२ धावांत गारद झाला. मुंबईत त्यांच्या घरावर दगड पडले. तेव्हा हार असो की जीत, सगळी एकाच माणसाच्या नावावर मांडू नका.

जाता जाता एकनाथ सोलकर. हिंदू जिमखान्याचं मैदान राखणाऱ्याचा हा मुलगा. हेल्मेट नसलेल्या त्या काळात तो फलंदाजाच्या नाकासमोर, फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहायचा. ओव्हलवर इंग्लंडच्या त्या १०१ च्या डावात फ्लेचर आणि नॉट यांचे झेल त्यानेच टिपले. बळी जमा झाले गोलंदाजांच्या खात्यात. तुम्ही नोकरीला लागाल तिथेही एखादा सोलकर असेल. त्याला ओळखा, आणि साहेबांपुढे कामाचा हिशेब देताना त्याचं नाव आधी घ्या.