दुरुस्त कोड आणि दुरुस्त यंत्र
(वसंत व्याख्यानमालेत रेवस येथे दिलेले व्याख्यान)

दूर बसलेल्या माणसाला दुसऱ्या ठिकाणच्या संगणकाचा पडदा पाहता यावा आणि तेथील कळफलक व माउस जणू आपल्याच हाताखाली असल्याप्रमाणे वापरता यावेत, या सोयीला दूरप्रवेश किंवा रिमोट अ‍ॅक्सेस म्हणतात. या सोयीची ‘व्हीएनसी’ ही जगभर पसरलेली पद्धत १९९०च्या दशकात केंब्रिज येथील ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली. तिचे नियम आणि कोड दोन्ही खुले असल्यामुळे पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि त्यांपैकीच ‘लिबव्हीएनसी’ ही एक लायब्ररी होय. लायब्ररी म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्रॅम नव्हे, तर इतरांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये जोडून घ्यावा असा तयार कोडचा संच. त्यामुळे ती वापरणाऱ्याच्या नजरेस पडत नाही, आणि कारखान्यातील यंत्राच्या पटलामागे ती काम करत आहे हे ते यंत्र चालवणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते.

कॅस्परस्की या संस्थेच्या औद्योगिक सुरक्षा विभागातील संशोधक पावेल चेरेमुश्किन यांनी व्हीएनसीच्या चार आवृत्त्या तपासून नोव्हेंबर २०१९मध्ये ३७ सुरक्षात्रुटी जाहीर केल्या. लिबव्हीएनसी त्या चारांपैकी एक होती, आणि काही त्रुटी तर १९९९पासून त्या कोडमध्ये पडून होत्या. यांपैकी २०१८मध्येच नोंदवली गेलेली एक त्रुटी सविस्तर पाहण्याजोगी आहे. फाइल पाठवताना समोरचा संगणक आधी तिची लांबी कळवतो, आणि घेणारा संगणक त्या लांबीत शेवटच्या खुणेसाठी एक मिळवून तेवढी जागा मेमरीत राखून ठेवतो. ही लांबी ३२ बिटांच्या संख्येत येते, जिची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ आहे. हल्लेखोराने नेमकी तीच संख्या कळवली आणि तीत एक मिळवला गेला, की जुन्या गाडीतले किलोमीटरचे चक्र सगळे नऊ संपल्यावर शून्यावर यावे तशी बेरीज शून्य होते. जागा शून्य बाइटांची राखली जाते, पण लिहिणारा भाग मात्र मूळ लांबी खरी धरून पुढे लिहीत सुटतो, आणि शेजारच्या मेमरीत हल्लेखोराला हवा तो मजकूर जाऊन बसतो.

दुरुस्ती एका ओळीची होती: बेरीज ३२ऐवजी ६४ बिटांत करावी. ती केली गेली, आणि ती अपुरी ठरली. कारण ज्या संगणकांवर मेमरी मागणारे फंक्शनच ३२ बिटांची संख्या स्वीकारते, तेथे ६४ बिटांत बरोबर आलेली बेरीज त्या फंक्शनच्या दारात पुन्हा कापली जाऊन शून्य होते. औद्योगिक पटलांत जुने, छोटे प्रोसेसर अनेक वर्षे टिकून राहतात, म्हणजे जेथे दुरुस्तीची गरज अधिक तेथेच ती लंगडी पडत होती. त्यामुळे जानेवारी २०१९मध्ये या अपुरेपणाचीच एक नवी त्रुटी म्हणून नोंद झाली, आणि अवाजवी लांबी आली तर बेरजेच्या फंदात न पडता विनंतीच नाकारावी, असा अधिक शहाणपणाचा मार्ग धरला गेला. ही सुधारणा सामावणारी ०.९.१३ ही आवृत्ती मात्र जून २०२०मध्ये आली. दरम्यान लिनक्सच्या काही वितरकांनी ती सुधारणा आपल्या जुन्या आवृत्तीतच बसवून घेतली. पण ज्यांनी लायब्ररी आपल्या उत्पादनात एकदा जोडून विसरून टाकली होती, त्यांच्यापर्यंत ती आपोआप पोहोचण्याची कोणतीही वाट नव्हती. तपासलेल्या चारांपैकीच असलेल्या टाइटव्हीएनसीच्या १.x मालिकेची स्थिती याहून बिकट होती: तिची देखभाल थांबलेली असल्यामुळे तिच्यातील त्रुटी तशाच राहिल्या.

कोड दुरुस्त होणे आणि यंत्र दुरुस्त होणे यांतील हे अंतर किती महाग पडू शकते, याचे उदाहरण रेवसहून फार लांब नाही. खाडीपलीकडे करंजा, त्यामागे द्रोणागिरीचा डोंगर आणि त्याही उत्तरेस न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तेथील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे मर्स्क समूहाशी संबंधित टर्मिनल २७ जून २०१७च्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात सापडले. कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे आणि कोणत्या जहाजावर चढायचा आहे हे सांगणारी संगणकव्यवस्था बंद पडल्याने काम हाताने चालवावे लागले. या बंदरावर कोणी नेम धरला नव्हता; युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून सुटलेला तो किडा जगभर शाखा असलेल्या कंपनीच्या जाळ्यातून येथवर आला होता. मर्स्कला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे समूहाच्या अध्यक्षांनी २०१८च्या जानेवारीत दावोस येथे सांगितले.

नॉटपेट्याने वापरलेली विंडोजमधील त्रुटी दूरप्रवेशाची नसून संगणकांमधील फाइल-देवाणघेवाणीच्या भागातली होती, तरी तिची जात ओळखीची आहे: ३२ बिटांच्या लांबीची नोंद बदलताना फक्त १६ बिट बदलले जात होते, आणि त्यामुळे राखलेली जागा व लिहायचा मजकूर यांचा मेळ बसत नव्हता. मायक्रोसॉफ्टने तिची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे हल्ल्याच्या १०५ दिवस आधी, दिली होती, आणि मध्यंतरी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या दुसऱ्या किड्याने त्याच त्रुटीवरून जगाला हादरा दिला होता. तरीही केवळ ही दुरुस्ती, म्हणजे पॅच, लावण्याने नॉटपेट्या थांबत नसे. एखाद्या संगणकाच्या मेमरीतून प्रशासकाचा पासवर्ड हाती लागला, की तो किडा ‘पीएसएक्झेक’ आणि ‘डब्ल्यूएमआय’ या विंडोजच्या रीतसर दूरनियंत्रण-साधनांनी शेजारच्या पूर्ण दुरुस्त संगणकातही शिरत असे. जाळ्यातला एक विसरलेला संगणक बाकीच्यांची दुरुस्ती निष्फळ करू शकतो, ही गोष्ट पॅचची टक्केवारी मोजणाऱ्या अहवालांत दिसत नाही.

भारतात अशा घटनांची दखल ‘सर्ट-इन’ ही २००४पासून कार्यरत असलेली केंद्रीय संस्था घेते. तिच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशाने घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक झाले. हे सारे अर्थातच घाव बसल्यानंतरचे आहे. घावाआधीचा प्रश्न, म्हणजे कोणत्या यंत्रात कोणती लायब्ररी कोणत्या आवृत्तीची आहे हा, २०२४च्या ऑक्टोबरमध्ये सर्ट-इनने सॉफ्टवेअरच्या घटकसूचीविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हाताळला गेला. अन्नाच्या पाकिटावर जिन्नस छापतात तशी ही यादी पुरवठादाराने द्यावी, अशी त्या सूचनांची कल्पना आहे, आणि खरेदीदाराने निविदेतच ती मागितली तर तिला धार येते. मात्र लिबव्हीएनसीसारख्या लायब्ररीतील एखादीच फाइल उचलून, नाव बदलून, स्वतःच्या कोडमध्ये चिकटवण्याची प्रोग्रॅमरांची जुनी सवय अशा यादीत उमटत नाही. तेथे कोड उघडून ओळ न ओळ ताडून पाहणे एवढाच उपाय उरतो. आणि तोही शक्य नसलेल्या जुन्या पटलांपुढे व्हीएनसीचे ५९०० क्रमांकाचे पोर्ट बाहेरच्या जाळ्याला बंद ठेवून दूरप्रवेश वेगळ्या, पासवर्डाखेरीज दुसरी ओळख मागणाऱ्या संगणकातूनच द्यावा लागतो.